तीनचाकी इलेक्ट्रिक कार नाशिकमध्ये घ्यावी का? बुकिंगचे पैसे भरण्याआधी हे तपासा

म्हसरूळहून अंबड एमआयडीसीत रोज एकटीने जायचं, तर पाच सीटची गाडी काढणं मला पटत नाही. पावसाळ्यात स्कूटरवरून भिजत जाणंही आता नको वाटतं. दोन माणसांपुरती, दारं-काचा-छप्पर असलेली, घरच्या प्लगवर चार्ज होणारी तीन चाकांची कार हा त्यावर सरळ उपाय दिसतो. मी तो उपाय बराच काळ, मनापासून तपासला. शोरूमला गेले, गाडी चालवून पाहिली, आरटीओत जाऊन विचारलं, विमा एजंटांना फोन केले, सोसायटीच्या सेक्रेटरींशी बसून बोलले. त्यातून हाती लागलेलं सगळं इथे क्रमाने देते.

माझं मत आधीच सांगते. नाशिक शहराच्या आत, घरातली दुसरी गाडी म्हणून, स्वतःचं पार्किंग आणि तिथे वीज असेल, तर अशी गाडी उपयोगी पडू शकते. घरातली एकुलती एक गाडी म्हणून ती घेऊ नका. आणि कागद स्वच्छ नसतील तर निम्म्या किमतीत मिळाली तरी घेऊ नका.

१. समोर दाखवतायत ती गाडी नेमकी कोणती, ते ओळखा

'मिनी इलेक्ट्रिक कार' या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पुढचं सगळं या ओळखीवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

पहिली, खरी तीनचाकी कार. बहुतेक मॉडेलांत पुढे दोन चाकं आणि मागे एक असतं. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग आणि पाव किलोवॉटपेक्षा मोठी मोटर असलेलं तीनचाकी आपल्या नियमांत एल-५ वर्गात येतं. आपली नेहमीची प्रवासी रिक्षाही त्याच वर्गात आहे.

दुसरी, बंद बॉडीची ई-रिक्षा. यूट्यूबवर 'दीड लाखात कार, ना लायसन्स ना पासिंग' असे व्हिडिओ दिसतात, त्यातल्या पुष्कळ गाड्या ह्याच. खाली ई-रिक्षाची चासी, लेड-अॅसिड बॅटऱ्या, वर पत्र्याची केबिन. ई-रिक्षा कायद्याने भाड्याच्या प्रवाशांसाठी आहे, तिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर असतो आणि तिला नोंदणी लागते. पासिंग लागत नाही ते अगदी हलक्या बॅटरी वाहनाला: मोटर पाव किलोवॉटच्या आत, वेग २५ च्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत. दारं, काचा आणि दोन सीट असलेली गाडी ६० किलोत बसणं शक्यच नाही. 'पासिंगची गरज नाही' हे वाक्य ऐकलं की तिथूनच परत फिरा. अशा गाडीचा विमा निघत नाही, आणि उद्या कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून जाते.

तिसरी, छोटी चारचाकी. यात क्वाड्रिसायकल, म्हणजे कारपेक्षा हलक्या चारचाकींच्या वर्गातल्या गाड्या येतात आणि एमजी कॉमेटसारख्या पूर्ण वाढीच्या कारही येतात. कॉमेट २०२३मध्ये ७ लाख ९८ हजारांच्या सुरुवातीच्या किमतीला आली. लांबी तीन मीटरच्या आत, बॅटरी १७.३ किलोवॉट-तासांची. तीनचाकीशी तुलना करायची ती हिच्याशी, म्हणून ही आकडेवारी हाताशी ठेवा.

खऱ्या तीनचाकी कारचा इतिहासही माहीत असू द्या, कारण विक्रेता तो सांगणार नाही. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर सी-५ हे छोटं तीनचाकी १९८५च्या जानेवारीत आलं आणि त्याच वर्षी त्याचं उत्पादन थांबलं. कॅनडाच्या इलेक्ट्रामेकॅनिका कंपनीची सोलो ही एका सीटची गाडी. चालता चालता मोटरची ताकद जाण्याच्या दोषामुळे २०२३मध्ये कंपनीने विकलेल्या गाड्या ग्राहकांकडून परत विकत घेतल्या. अमेरिकेतली अॅप्टेरा पहिल्या फेरीत २०११मध्ये बंद पडली, २०१९मध्ये पुन्हा उभी राहिली. आपल्याकडे मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सने आर-३ या दोन सीटच्या गाडीचं बुकिंग २०२१मध्ये १० हजार रुपयांत सुरू केलं होतं. ती गाडी रस्त्यावर सर्रास दिसायला लागली असं झालं नाही. कल्पना चांगली असते, गाडीही बरी असते, पण कंपनी टिकत नाही किंवा गाडी वेळेवर येत नाही. गाडीइतकीच कंपनी तपासा, असं मी म्हणते ते यामुळे.

२. पैशाची भाषा सुरू होण्याआधी पासिंगचं विचारा

तीनचाकी म्हटलं की ती प्रवासी रिक्षाच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. केंद्र सरकारच्या २००४च्या अधिसूचनेत खासगी वाहनांच्या यादीत 'वैयक्तिक वापराची तीनचाकी वाहनं' स्पष्टपणे आहेत, आणि वाहन नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर 'थ्री व्हीलर (पर्सनल)' असा वेगळा वर्ग आहे. पण ते विशिष्ट मॉडेल त्या वर्गात नोंदवण्यासाठी मंजूर झालेलं असावं लागतं. म्हणून विक्रेत्याकडे या तीन गोष्टी लेखी मागा:

- टाइप अॅप्रूव्हलच्या, म्हणजे मॉडेलच्या मंजुरीच्या, प्रमाणपत्राची प्रत. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा मान्यताप्राप्त संस्थेचं हवं. त्यावरचं मॉडेल आणि व्हेरिएंट तुमच्या कोटेशनशी शब्दशः जुळलं पाहिजे.
- याच मॉडेलची महाराष्ट्रात झालेली एखादी खासगी नोंदणी. नंबर मिळाला की परिवहन अॅपवर वाहनाचा वर्ग दिसतो.
- विक्रेत्याचं आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या बाळगण्याचा परवाना.

शोरूमबाहेर उभ्या असलेल्या गाडीची पाटी बघितली तरी बरंच कळतं. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक. मला दाखवायला आणलेल्या गाडीवर पिवळी अक्षरं होती. 'मॅडम, डेमो गाडी आहे, तुमची पांढरी येईल,' असं उत्तर मिळालं. तेच लेखी द्या म्हटल्यावर विषय बदलला. व्यावसायिक नोंदणी झाली की फिटनेस, वेगळा विमा हे सगळं मागे लागतं, आणि स्वतःच्या कामाला जाण्यासाठी ते ओझं कुणी घेऊ नये.

हे सगळं घेऊन पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात एक चक्कर मारा. एजंटाला गाठू नका, नोंदणी विभागाच्या खिडकीवर जा आणि मॉडेलचं नाव सांगून विचारा: 'हे एमएच-१५ वर खासगी म्हणून पास होईल का?' त्याच वेळी लायसन्सचंही विचारून घ्या. फक्त स्कूटरचं लायसन्स चालणार नाही. कारचं लायसन्स आहे म्हणजे झालं, असंही धरून चालू नका, कारण लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर तीनचाकी नॉन-ट्रान्सपोर्टचा, म्हणजे खासगीचा, वेगळा वर्ग आहे. तिथलं उत्तर ऐकूनच पुढे जा.

३. ही गाडी कुठे जाऊ शकणार नाही, ते नकाशावर बघा

नाशिककराला हा मुद्दा फार जवळचा आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मुंबईला जाताना कसारा घाट टाळून समृद्धीवर चढायची सवय आपल्याला लागली. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तीच गत, अटल सेतूवरही तीच. आतून गाडी कितीही कारसारखी असली तरी नोंदणी तीनचाकीची असेल तर नाक्यावर तुम्हाला तीनचाकीच धरणार.

त्याला जोडून टोलमाफीचं. महाराष्ट्राच्या २०२५च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तीन ठिकाणी टोलमाफी आहे, पण ती इलेक्ट्रिक चारचाकींना आणि बसना. तीनचाकीला तिथे प्रवेशच नसल्याने तिचा प्रश्नच येत नाही. 'इलेक्ट्रिक आहे, टोल फ्री' असं सांगून गाडी विकणाऱ्याला हे विचारून बघा.

त्र्यंबकेश्वर, सिन्नर, दिंडोरी, ओझर इथे जायला अडचण नाही. वणीला सप्तशृंगीच्या घाटात दोन माणसं आणि सामान घेऊन जायचं असेल तर गाडीची चढण्याची क्षमता, म्हणजे ग्रेडेबिलिटी, माहितीपत्रकात बघा आणि घाटाच्या चढाला बॅटरी भराभर उतरते हे लक्षात ठेवा.

४. स्वतःचा रोजचा रस्ता मोजा

फोनवरच्या नकाशात दाखवतं ते अंतर घेऊ नका. आठवडाभर स्कूटरच्या मीटरवर रोजचा आकडा लिहा. भाजी, मुलांची शाळा, देवळात थांबणं, आईला दवाखान्यात नेणं हे सगळं धरून. पंचवटीत राहून अंबड किंवा सातपूरला जाणाऱ्यांचा रोजचा आकडा साधारण ३० ते ४० किलोमीटरमध्ये बसतो. नाशिकरोडहून सातपूरला जाणाऱ्यांचा थोडा जास्त.

आता रेंज. कंपनी सांगते तो आकडा ठराविक चाचणीतला असतो. रस्त्यावर, गर्दीत, एसी लावून त्याच्या साठ-सत्तर टक्के धरा. त्यातही बॅटरी रोज शून्यावर नेऊ नका, २० टक्के कायम शिल्लक ठेवा. म्हणजे कंपनी १२० किलोमीटर म्हणत असेल तर रस्त्यावर सुमारे ८० मिळतील आणि निर्धास्तपणे वापरण्यासारखे ६५ च्या आसपास. रोज ४० किलोमीटरवाल्याला ते पुरतं. दोन-चार वर्षांनी बॅटरीची क्षमता थोडी उतरेल, तेव्हाही पुरतं. यापेक्षा घट्ट हिशेब असेल तर मोठ्या बॅटरीचं मॉडेल बघा किंवा हा विचार सोडून द्या.

५. चालवून बघायची ती आपल्याच रस्त्यावर

शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर मारलेल्या फेरीचा काहीही उपयोग नाही. तुमच्या रोजच्या रस्त्यावर, तुमच्या रोजच्या वेळेला गाडी मागा. मी हट्ट धरला आणि पंचवटी कारंजा, अहिल्याबाई होळकर पूल, सीबीएस, मायको सर्कल, उंटवाडी, त्रिमूर्ती चौक असा माझा नेहमीचा रस्ता चालवून बघितला. त्या एका फेरीत मला सगळ्यात जास्त कळलं.

खड्ड्यांचंच सांगते. चारचाकी चालवताना आपण नकळत खड्डा दोन चाकांच्या मधून काढतो. हाताला ती सवय असते. तीनचाकीत तसं करता येत नाही, कारण तिसरं चाक बरोबर मधोमध येतं. पुढची दोन्ही चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी अलगद निघतात, आणि तुम्हाला वाटतं टळला, तेवढ्यात मागचं चाक नेमकं आत जातं. दणका थेट पाठीच्या कण्यात बसतो. उंटवाडीजवळ रस्ता खणून नुसती खडी टाकून बुजवलेली चर होती, तिथे मला हे पहिल्यांदा समजलं आणि त्यानंतर पूर्ण रस्ताभर मी तीन रेषांचा विचार करत चालवत होते. सवयीने ते जमेल, पण सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात ठिकठिकाणी रस्ते उकरलेले असताना ही गोष्ट किरकोळ नाही.

वळणावरचा तोल चाकांच्या रचनेवर ठरतो. पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेली गाडी ब्रेक दाबत वळताना कलंडायची भीती जास्त, कारण ब्रेक लावला की वजन पुढे येतं आणि पुढे आधाराला एकच चाक असतं. पुढे दोन चाकं असलेली रचना यात कितीतरी बरी. बॅटरी सीटखाली, जमिनीलगत बसवली असेल तर तोल आणखी सुधारतो. तरी मायको सर्कलसारख्या ठिकाणी वळण घेऊन बघा, एकटं आणि शेजारी माणूस बसवून, दोन्ही प्रकारे. फरक जाणवतो.

मागचं एकच चाक गाडी ढकलत असेल तर चिखलात आणि ओल्या उतारावर ते घसरून जागच्या जागी फिरू शकतं. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प पावसात चढून बघता आला तर सोन्याहून पिवळं.

आणि घरातल्या मोठ्या माणसांना बसवून बघा. आईला मी सोबत नेलं होतं. बसताना ती बसली. उतरताना गाडीची उंच कड आणि खाली असलेली सीट यामुळे तिला माझा हात धरून, आधी पाय बाहेर काढून मग उठावं लागलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते रोज जमणार नाही. मागे-पुढे बसायची रचना असेल तर मागच्याला पाय लांब करायला किती जागा उरते, तेही बघा.

६. अपघात झाला तर काय, हे स्पष्ट विचारा

कारसाठीचे सुरक्षिततेचे नियम एल-५ वर्गाला लागू होत नाहीत. नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत, तीनचाकीला ती सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेली भारत एनकॅपची स्टार देणारी धडक चाचणीही कारसाठी आहे. 'आमच्या गाडीला मजबूत सेफ्टी केज आहे' असं म्हटलं तर कुठल्या संस्थेत, कुठल्या मानकानुसार चाचणी झाली तो कागद मागा. एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), तीन ठिकाणी बांधणारा सीटबेल्ट यांपैकी काय काय आहे ते बघा. तिन्ही नसतील तर द्वारका चौकातल्या कंटेनरच्या गर्दीत ती गाडी नेऊ नका, एवढं मी आग्रहाने सांगेन. स्कूटरपेक्षा ती सुरक्षित वाटते, पाऊस आणि धुळीपासून सुरक्षित आहेही. कारइतकी सुरक्षित ती नाही.

बॅटरीचं मानक मात्र तपासता येतं. एल वर्गातल्या, म्हणजे दुचाकी-तीनचाकीसारख्या, इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक आहे आणि त्याच्या सुधारित अटींचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३पासून लागू आहे. त्या तारखेआधी बनलेली, पडून राहिलेली गाडी सवलतीत देत असतील तर घेऊ नका. शक्यतो लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी बघा. उन्हाळ्यात ती जास्त निर्धोक असते आणि टिकतेही जास्त.

पाण्याबद्दल एक. बॅटरीवर 'आयपी-६७' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, असा आहे, आणि तो फक्त बॅटरीच्या पेटीपुरता आहे. मोटर, कंट्रोलर, जोडण्या यांचं काय ते वेगळं विचारा. गोदेला पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजाराकडच्या रस्त्यांवर येणारं पाणी वाहतं असतं, आणि हलकी गाडी वाहत्या पाण्यात लवकर उचलली जाते.

७. चार्जिंगची सोय गाडीआधी करा

बहुतेक छोट्या गाड्या घरच्या १५ अँपिअरच्या थ्री-पिन प्लगवर रात्रभरात भरतात. वायरमनला बोलवून तीन कामं करून घ्या: अर्थिंग तपासणं, मीटरपासून पार्किंगपर्यंत योग्य जाडीची वेगळी वायर ओढणं, आणि त्या लाइनवर स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा स्विच) बसवणं. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून चार्जिंग करू नका. वायर तापते आणि आग लागण्याची कारणं तिथेच जमतात.

सोसायटीत राहत असाल तर कमिटीला लेखी अर्ज द्या. घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत मुभा आहे, तो मुद्दा अर्जात घाला. सोबत वायरिंगचा साधा नकाशा, 'वीज माझ्याच मीटरवरून घेईन' हे वाक्य आणि लायसन्सधारक ठेकेदाराचं कोटेशन जोडा. आमच्या सेक्रेटरींची हरकत आगीच्या भीतीची होती. आरसीसीबी म्हणजे काय ते समजावल्यावर आणि पार्किंगच्या भिंतीवर अग्निशामक नळकांडं माझ्या खर्चाने लावते म्हटल्यावर ती मिटली. महावितरणकडचा मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्या.

पार्किंग रस्त्यावर असेल तर ही गाडी घेऊ नका. सार्वजनिक चार्जिंग स्टेशनचे फास्ट चार्जर कारसाठीच्या सॉकेटचे असतात, आणि छोट्या तीनचाकींना ते बहुधा बसत नाहीत.

८. हिशेब, पण तुमच्या आजच्या गाडीशी

जाहिरातीत 'किलोमीटरला एक रुपया' असतं आणि ते साधारण खरंही असतं. प्रश्न असा की त्याची तुलना कशाशी करायची?

समजा महिन्याला ७५० किलोमीटर होतात. छोट्या गाडीला चार्जरमधली गळती धरून १०० किलोमीटरला ८ युनिट लागतात असं धरू. म्हणजे ६० युनिट. सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडलं तर ७२० रुपये. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं तर तेवढ्याच अंतराला ४५ चा अॅव्हरेज देणारी स्कूटर सुमारे १,७३० रुपये खाते आणि गर्दीत १५ चा अॅव्हरेज देणारी कार ५,२०० रुपये.

म्हणजे कार सोडून या गाडीवर येणाऱ्याचे महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास वाचतात. स्कूटर सोडून येणाऱ्याचे हजारच. साडेचार लाखांची गाडी हजार रुपये महिन्याच्या बचतीतून कधीही वसूल होणार नाही. पाऊस-धूळ-ऊन टळतं म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, ते मोलाचं आहे, पण पैसे वाचतात म्हणून घेऊ नका.

वीजबिलात एक खोच आहे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. तुमचा वापर आत्ताच २८० असेल तर गाडीचे बहुतेक युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात जातील. मागच्या वर्षभराची बिलं काढा आणि उन्हाळ्यातला आकडा धरून हिशेब करा. स्मार्ट टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा मीटर, बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलत मिळते. सुट्टीच्या दिवशी दुपारी चार्ज करायचं बघा.

सवलतींबद्दल शोरूममध्ये जुनी माहिती सर्रास दिली जाते. कर्जाच्या व्याजावरची आयकर कलम ८०-ईईबीची वजावट ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं तीनचाकीचं अनुदान व्यावसायिक नोंदणीच्या गाड्यांसाठी होतं. इलेक्ट्रिक वाहनांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि राज्याच्या धोरणात, जे ३१ मार्च २०३०पर्यंत आहे, मोटार वाहन करात माफी आहे. राज्याचं खरेदी अनुदान मिळणार असेल तर ते कोटेशनमध्येच वजा करून दाखवा म्हणावं. 'नंतर खात्यात येईल' यावर बजेट आखू नका.

९. विमा, कर्ज आणि दुरुस्ती: तिन्ही फोन बुकिंगआधी

विमा कंपनीला मॉडेलचं नाव सांगून कोटेशन मागा. खासगी इलेक्ट्रिक कारला ३० किलोवॉटपर्यंत थर्ड पार्टीचा वार्षिक दर २०२२च्या अधिसूचनेनुसार १,७८० रुपये आहे, पण तीनचाकी त्या वर्गात धरतात की दुसऱ्या, ते लेखी घ्या. त्यांच्या यादीत मॉडेलच नसेल तर तोच मोठा इशारा. बँकेचंही तसंच, मॉडेल यादीत नसेल तर वैयक्तिक कर्ज घ्यावं लागतं आणि व्याज बरंच वाढतं.

मग सर्व्हिस सेंटर. पुण्याला किंवा ठाण्याला गाडी 'टो करून नेऊ' असं म्हणत असतील तर खर्च कुणाचा ते विचारा. पुढची काच, कंट्रोलर, चार्जर, एक दार आणि पूर्ण बॅटरी या पाच वस्तूंच्या किमती आणि त्या किती दिवसांत मिळतात हे कागदावर घ्या. टायरचा आकार लिहून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या टायरवाल्याला दाखवा. मागचं चाक पंक्चर झालं तर गाडी उचलायची कुठून, जॅक कुठे लावायचा, स्टेपनी आहे का, हे शोरूममध्ये प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. मला दाखवायला गेलेल्या मुलालाच ते येत नव्हतं.

१०. बुकिंग, कागदपत्रं, ताबा

बुकिंगची रक्कम ऑनलाइन किंवा चेकने, कंपनीच्याच खात्यात भरा. पावतीवर जीएसटी क्रमांक, मॉडेल, किंमत, गाडी देण्याची तारीख आणि ती तारीख चुकली तर किती दिवसांत पैसे परत, हे सगळं असावं. 'लाँच होणार आहे, आत्ता बुक केलं तर स्वस्त' अशा गाडीला पैसे देऊ नका. रस्त्यावर धावणारी, नाशिकमध्ये नसली तर निदान पुण्यात धावणारी गाडी बघा, तिच्या मालकाशी बोला, मगच.

नोंदणीसाठी तुमच्याकडून आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतात. विक्रेत्याकडून लागणारे कागद असे:

- फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज. त्यात वाहनाचा वर्ग आणि खासगी वापर लिहिलेला स्वतः वाचा, मगच सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.
- फॉर्म २१, विक्रीचं प्रमाणपत्र.
- फॉर्म २२, गाडी रस्त्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र.
- कर बीजक, विम्याची पॉलिसी, आणि बॅटरीची वॉरंटी. वॉरंटीत वर्षं, किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हे तिन्ही आकडे हवेत.

ताबा दिवसाउजेडी घ्या. चासी नंबर, मोटर नंबर आणि बॅटरीचा क्रमांक कागदाशी जुळवा. पूर्ण चार्ज असताना दाखवलेली रेंज, चार्जरचा आवाज, दारांची रबरं, वायपर बघा. पाण्याचा पाइप मागून काचांवर आणि छपरावर पाच मिनिटं धार मारा आणि आत हात फिरवून ओल आहे का ते तपासा. पावसासाठीच गाडी घेताय, तेव्हा यात संकोच नको.

आरसी डिजिलॉकरमध्ये आली की लगेच उघडा. वाहनाचा वर्ग, इंधन, सीटची संख्या आणि पत्ता वाचा. वर्ग चुकीचा पडला असेल तर गाडी न वापरता त्याच आठवड्यात विक्रेत्याला लेखी कळवा आणि दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याकडूनच भरून घ्या.

मी स्वतः शेवटी जुनी, छोटी चारचाकी इलेक्ट्रिक घेतली, कारण मला महिन्यातून एकदा ठाण्याला भावाकडे समृद्धीवरून जावं लागतं आणि आईलाही त्यात नीट उतरता येतं. तुमचं सगळं शहरातच असेल, घरी दुसरी गाडी असेल आणि वरच्या कागदांपैकी एकही अडत नसेल, तर तीनचाकी बघायला हरकत नाही. जुनी चारचाकी बघायला जाणार असाल तर बॅटरीच्या तब्येतीचा, म्हणजे एसओएचचा, रिपोर्ट अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या आणि तो बघूनच किमतीवर बोला.